कालव्याकडची वायर

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो.

दोनदा टाइप केलं आणि पुसून टाकलं. मग वाटलं, नाही लिहिलं तर डोक्यातून जाणार नाही. लिहिल्यावर तरी जाईल का, माहीत नाही.

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू. ज्याच्यासोबत झाली तो माझा मित्र विश्वजीत. मी यात शेवटाकडं आहे, थोडासाच.

एक शब्द मात्र मी इथं लिहिणार नाही. एका अक्षराचा आहे. आपण आपल्या माणसाला बोलावताना म्हणतो तो. जेवायला बोलावतो, घरात बोलावतो... तोच. का लिहिणार नाही ते पुढं कळेल.

जागा हिंगोली जिल्ह्यातली. कळमनुरी, आणि तिथून नांदेड रोडनं बाळापूरच्या पुढं डोंगरकडा. वेळ रात्रीची नाही. मागच्या उन्हाळ्यातली दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, अशी दुपार.

विश्वजीत आणि प्रमोद, दोघांचं मिळून इंटरनेटचं काम होतं. कळमनुरीत एक पत्र्याची खोली, तिच्यात सर्व्हर. तिथून डोंगरकड्याला कनेक्शन. दोघंही कुठं शिकले नव्हते. व्हिडिओ बघून, चुका करून, रात्रंदिवस डोकं लावून शिकलेले.

डोंगरकड्याला त्यांनी दोन वायरी नेल्या होत्या. एक रोडच्या कडेनं, एक कालव्याच्या कडेनं. सर्व्हरच्या मागं दोन पोर्ट, दोन्हीत एक-एक वायर. आणि दोन्ही मिळून एक बाँड. म्हणजे सर्व्हरला दोन वायरी दिसतच नाहीत, एकच जाड वायर आहे असं वाटतं. कुणाचं बोलणं कुठल्या वायरीनं पाठवायचं हे तो आपलं आपण ठरवतो. एक तुटली तर सगळं दुसरीवर टाकतो.

प्रमोद म्हणायचा, "आपल्या दोघांसारखं हाय बग. एक झोपला तरी दुकान चालू."

प्रमोदचा एक नियम होता. दुसऱ्या टोकाच्या माणसाला फोन केल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही. कारण एकदा विश्वजीतनं न सांगता वायर काढली होती आणि प्रमोद दिवसभर डोंगरकड्यात खांबाखांबावर चढून फॉल्ट शोधत बसला होता. संध्याकाळी आला तो शिव्या देतच. "आधी फोन, मग वायर. तुझ्या लग्नात बी आधी मला फोन, मग हार."

दिवाळी झाल्यावर, रब्बीचं पाणी सुटलेलं असताना, प्रमोद कालव्याच्या पुलावर वायरीचा क्लॅम्प आवळायला गेला.

पाय घसरला.

खालच्या गेटपाशी सापडला.

प्रमोदला बाप नव्हता. मागं फक्त आई, द्वारकाबाई. डोंगरकड्यात, कालव्याच्या अंगाला घर. विश्वजीत तिला काकू म्हणायचा. प्रमोद गेल्यावर दर आठवड्याला जायचा, किराणा टाकायचा, शेळीच्या पाठीवरून हात फिरवायचा.  

उन्हाळा लागला आणि तक्रारी सुरू झाल्या.

डोंगरकड्यात दुपारी मोबाईलची रेंज मरते, म्हणून लोक वायफायवरूनच बोलतात. पहिला फोन संतरामचा. संतरामचं शेत कालव्याला लागून, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, यांचंच कनेक्शन.

"विश्वजीत, बोलताना मधीच शब्द गायब होऊन राहिले."

"आवाज तुटतो का काका?"

"तुटत न्हाई. एक शब्द उचलून न्हेल्यावानी. म्या व्यापाऱ्याला म्हनलं, हळद इथं पडून हाय. त्याला 'इथं' ऐकूच गेलं न्हाई. बायकोचं बोलनं गेलं तर मी तक्रार करीन का? पन ती सगळी बराबर ऐकू येती."

मग वैजनाथ, स्टँडवरचा रसवंतीवाला. बर्फवाल्याला फोनवर म्हणाला, थंड काही उरलं नाही, लवकर पाठव. 'थंड' तेवढं गेलं.

मग शाळेतल्या संपदा मॅडम. त्यांची मुलगी जान्हवी पुण्याला शिकायला आहे. रोज दुपारी व्हिडिओ कॉल करते.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "बाकी सगळं ऐकू येतं हो. ती 'आई' म्हणते ना... तेवढंच येत नाही. ओठ हलताना दिसतात."

विश्वजीतनं कामाला हात घातला.

पिंग लावला, म्हणजे पलीकडं हाक देऊन उत्तर येतं का बघितलं. सगळं साफ. हजारात एखादं पॅकेट, म्हणजे डेटाचा एखादा तुकडा, हरवत होता, त्याला कुणी तक्रार म्हणणार नाही. मग दोन्ही पोर्ट वेगवेगळे बघितले. रोडकडची वायर स्वच्छ. जे हरवत होतं ते सगळं कालव्याकडच्या वायरीत.

त्यानं पोर्ट बदलला. तेच. सर्व्हरपासून डबीपर्यंतची छोटी वायर बदलली. तेच. बाहेरच्या फायबर वायरीला जोडलेली डबी बदलली. तेच.

डबीवरचा हिरवा लाईट मात्र चालू. कायम चालू.

आता ही चूक त्यांची होती, दोघांची. त्यांनी बाँड असा बांधला होता की तो फक्त लाईट बघतो. लाईट आहे म्हणजे वायर जिवंत, एवढंच त्याला कळतं. समोर कुणी आहे का, हे तो विचारतच नाही. आणि त्या स्वस्तातल्या डब्या अशा की पुढं फायबर तुटून पडली तरी इकडं लाईट जळत ठेवतात.

ते सगळं विश्वजीतला माहीत होतं. म्हणून तो खोलीत एकटाच पुटपुटला, "पुढं तुटलीय वाटतं."

आणि खोलीतला पंखा मुका झाला.

पंखा फिरत होता. पाती दिसत होती. फक्त आवाज नव्हता. सर्व्हरची घरघर पण नव्हती. बाहेर रोडवर ट्रक गेला, तोही मुका.

मग त्या शांततेत...

पाणी. वाहतं पाणी. भिंतीच्या पलीकडून नाही, सर्व्हरच्या मागून.

एक श्वास घेईपर्यंत. मग पंखा पुन्हा घरघरला.

विश्वजीत उठला, बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. तो सांगतो, तेवढ्या उन्हात पण हाताला काटा आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कालव्यावर गेला. संतराम आखाड्यावरच होता, तोही सोबत आला. कालव्याला पाळीचं पाणी सुटलेलं, काठोकाठ.

पुलापाशी पोचले आणि विश्वजीत थांबला.

वायर तुटलेली होती.

आज-कालची नाही. जिथं प्रमोद क्लॅम्प आवळत होता, बरोबर तिथं. एक टोक पुलावरून खाली लोंबत होतं. त्याच्यावर धुळीचा थर, आणि गांधीलमाशीनं त्याला धरून मातीचं घर बांधलेलं. दुसरं टोक पाण्यात गेलेलं.

"लई दिवसांची दिसती," संतराम म्हणाला.

 विश्वजीतच्या डोक्यात हिशोब चालू होता. वायर तेव्हापासून तुटलेली असेल, तर या वायरीवर ज्यांचं बोलणं पडतं त्यांना काहीच ऐकू यायला नको. नुसता शुकशुकाट पाहिजे. संपदा मॅडम, वैजनाथ, हा संतराम. सगळे बंद पाहिजेत.

आणि यांचा तर एखादाच शब्द जात होता.

"काका," तो म्हणाला, "आखाड्याचं वायफाय इथवर येतंय, त्यावरून एक फोन लावा बरं. कुणालाबी."

संतरामनं पोराला लावला, स्पीकरवर. "तू काय करून राहिला रे?"

पलीकडून पोरगा म्हणाला, "काय करून राहिला, असं मलाच इचारता का बाबा? जेवून राहिलो."

"म्या 'तू' म्हनलं की."

"न्हाई ऐकू आलं."

बाकी सगळं आलं. तुटलेल्या वायरीतून, एवढ्या मोठ्या पाण्यावरून सगळं पलीकडं गेलं. फक्त एक शब्द मधी राहिला.

विश्वजीत त्या लोंबत्या टोकाकडं बघत राहिला.

"मग हे पोचवून कोण राहिलंय?"

त्यानं ते मोठ्यानं विचारलं, हे त्याला संतरामचा चेहरा बघून कळलं. संतराम त्याच्याकडं बघत होता, मग पाण्याकडं, मग परत त्याच्याकडं.

"तुमचं तुमी बगा बाबा," तो म्हणाला आणि मागं न बघता आखाड्याकडं चालू लागला. चप्पल हातात घेऊन.

द्वारकाबाईचं घर तिथून हाकेवर.

ती दारातच बसलेली होती. शेळी सावलीला बांधलेली. मांडीवर प्रमोदचा जुना मोबाईल. त्यात सिम नव्हतं, घरच्या वायफायला तेवढा जोडलेला.

"काकू, हा फोन काहून घेऊन बसल्या?"

"येळ झाली त्याची."

"कुणाची?"

तिनं विश्वजीतकडं बघितलं. वेड्या माणसासारखं नाही. रोजच्यासारखंच.

"दुपारी वाजतो. उचलला की आधी पानी वाजतं. मंग एक शब्द येतो. एकच. आवाज त्याचा नसतो, दुसऱ्याचा असतो. गावातल्याच मान्साचा. पन बोलतो त्योच. आईला कळत न्हाई व्हय?"

विश्वजीत तिच्यापुढं उकिडवा बसला.

"काय शब्द काकू?"

ती सावकाश म्हणाली, एक-एक उचलून ठेवल्यासारखी.

"आई. ते संपदा मॅडमच्या पोरीच्या आवाजात. मंग इथं. ह्यो संतराम. मंग लई, ही आपली दिपा, शेजारची. थंड, त्यो रसवाला वैजनाथ. हाय, परत संतराम."

आई, इथं लई थंड हाय.

"ते तवाचं झालं. आता पुढं बोलायला लागलाय. लई तकलीफ होती त्याला, एकेक शब्द धरायला. दिस-दिस जातेत."

आणि मांडीवरचा फोन वाजला.

स्क्रीनवर नाव नाही, नंबर नाही. तिनं उचलला. स्पीकर तिला लावता येत नव्हता, पण एवढ्या शांततेत विश्वजीतला ऐकू आलं.

पाणी... पाणी... पाणी...

"तू."

संतरामचा आवाज. आत्ता पुलापाशी बोलला होता, तोच. तसाच खेकसून.

फोन बंद झाला. द्वारकाबाईनं पदरानं तो पुसला.

"एकच राह्यला," ती म्हणाली.

विश्वजीतला तो एक शब्द कोणता ते कळलं. तुम्हालाही कळला असेल.

"काकू, चला माझ्यासंगं. कळमनुरीला चला. चार दिवस राहा."

"शेळीला कोन बगल?"

"शेळी बी न्हेऊ."

"विश्वजीत," ती म्हणाली, "तू वायर काढाया चालला. तुझ्या तोंडावर दिसून राहिलं. नगं काढू. त्याचं म्हननं पुरं होऊ दे. लेकरू म्हनून राहिलं तर ऐकावं का न्हाई?"

 विश्वजीतनं बाजूला जाऊन मोबाईलवरूनच सर्व्हरला लॉगिन केलं. तो पोर्ट बंद कर म्हणून कमांड पाठवली. गेली नाही. परत पाठवली. सर्व्हरनं पोर्टचं नाव वाचलं, बाकी सगळं वाचलं... 'बंद' एवढाच शब्द त्याच्यापर्यंत पोचला नाही.

सर्व्हरपाशी जाऊन हातानंच काढावी लागणार होती.

त्यानं दिपाला हाक मारली. "वहिनी, काकूपाशी बसा. काहीबी झालं तर उठू देऊ नका. मी गाडी काढतो."

"काय झालं भावजी?"

"नंतर सांगतो. फक्त बसा."

गाडी किती पळवली ते त्यालाच माहीत. बाळापूरच्या चौकात बैलगाडीला घासून गेली.

कळमनुरीला खोलीत शिरला. सर्व्हरच्या मागं वाकला. दोन पोर्ट, दोन वायरी. कालव्याकडची पिवळी. हात तिच्यावर ठेवला.

आणि थांबला.

आधी फोन, मग वायर.

इतक्या वर्षांची सवय. मेंदूनं नाही, हातानंच केलं सगळं. वायर सोडली, खिशातून फोन काढला. दुसऱ्या टोकाला कोण आहे? मी. डोंगरकड्यात स्टँडवर माझं मोबाईल रिपेअरचं दुकान आहे, प्रमोदनंच कनेक्शन दिलेलं. मी नांदेडहून सामान घेऊन नुकताच दुकान उघडत होतो.

फोन खोलीच्या वायफायवर होता. म्हणजे बोलणं त्याच सर्व्हरमधून जाणार. बाँड ठरवणार, कुठल्या वायरीनं.

मला जे ऐकू आलं ते असं.

"ऐक, मी वायर काढून राहिलो. तू आत्ताच्या आत्ता द्वारकाकाकूच्या घरी जा. तिला गाडीवर बसव आन् इकडं घेऊन..."

पुढं कोरं. खरखर नाही, काही नाही. जणू त्या जागेचा आवाज कुणी कापून घेतला.

मग, "कळलं का?"

"कळलं," मी म्हणालो. कळण्यासारखंच होतं.

तिकडं विश्वजीतच्या हातातला फोन खाली आला. कारण त्याच क्षणी पंखा पुन्हा मुका झाला होता. सर्व्हर मुका झाला होता. आणि त्याला आठवलं, आपण आत्ता कोणता शब्द बोललो.

त्यानं पिवळी वायर ओढून काढली.

मी दुकान उघडंच टाकून पळालो. काकूचं घर जवळच, गाडी चालू करायला पण थांबलो नाही.

दारात दिपावहिनी उभी होती. एकटी.

"काकू कुठं?"

"शेळीला पानी आनते म्हनली. बादली घेऊन गेली, मागल्या दारानं. फोन वाजला तिचा, मंग उठली."

"कुणाचा फोन?"

दिपावहिनी माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत म्हणाली, "कुनाचा म्हंजे? विश्वजीतभावजीचा. त्यांचाच आवाज व्हता. एकच शब्द बोलले. म्या म्हनलं, तेच बोलवून राहिलेत तर जाऊ द्यावं."

शेळीपाशी वेगळी बादली होती. भरलेली. ती आधीपासूनच भरलेली होती.

पुढचं जास्त लिहीत नाही. कालव्यावर माणसं जमली, संतराम सगळ्यात पुढं उतरला. खालच्या गेटपाशी सापडली. तिथंच.

तिच्या तोंडावर काही नव्हतं. ना भीती, ना सुख. लोक म्हणतात शांत दिसत होती. मी बघितलं आहे. मला तसं दिसलं नाही. मला ती थांबलेली दिसली. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी... आणि जिथं बोलावलं तिथं कुणीच नसल्यासारखी.

विश्वजीतला मी हे सांगितलेलं नाही. आता वाचलं तर वाचेल.

नेट आता एकाच वायरीवर चालतं. एकही पॅकेट हरवत नाही. वैजनाथ म्हणतो, "आता कसं एक नंबर झालं, आधीच काहून न्हाई केलं?" संपदा मॅडमला मुलीचं सगळं ऐकू येतं, पण मॅडम म्हणतात की जान्हवी त्यांना 'आई' म्हणत नाही आता. मॅडम म्हणते, बाकीच्या पोरींसारखी. समोर आली तरी. विचारलं तर म्हणते, तोंडात येत नाही गं.

विश्वजीत तो शब्द बोलत नाही. कुणालाच बोलावत नाही. आधी वाटलं, मनाला लावून घेतलंय. मग एकदा त्याच्या घरी त्याची लहान भाची रांगत निघाली होती, त्यानं दोन्ही हात पुढं केले, तोंड उघडलं... आणि तसाच बसून राहिला. पोर दुसरीकडं गेली.

त्याचा शब्द तिकडंच राहिलाय.

मागच्या आठवड्यात तो माझ्या दुकानात बसला होता. दुपारच होती. त्याच्या मोबाईलची बॅटरी फुगली म्हणून मी तो खोलला होता. मागचं झाकण वेगळं, बॅटरी वेगळी, सिम ट्रे वेगळा, सगळं माझ्यासमोर मॅटवर पसरलेलं.

माझा फोन वाजला.

स्क्रीनवर नाव... विश्वजीत.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं स्क्रीनकडं बघितलं.

दुकानातला पंखा फिरत होता. आवाज नव्हता.

उचलायला नको होतं. मी उचलला. का उचलला, सांगता येत नाही. मित्राचं नाव दिसलं की आपण उचलतोच.

पाणी... पाणी... पाणी...

मग तो शब्द. विश्वजीतच्या आवाजात. प्रेमानं म्हणतात तसा. जेवायला बोलावतात तसा.

फोन आपोआप बंद झाला. मी तो मॅटवर पालथा ठेवला.

मग विश्वजीत म्हणाला, "ऐकलास?"

"हो."

"मी तुला आता कधी बोलावणार न्हाई. मेलो तरी न्हाई. ध्यानात ठेव. माझ्या आवाजात कुणी बोलावलं तर तो मी न्हाई."

"आणि तुला खरंच गरज पडली तर?"

"पडंल," तो म्हणाला. "तरी जायचं न्हाई."

मॅटवर त्याची बॅटरी पडली होती. मी तिच्याकडं बघत होतो.

मी त्याला म्हणालो, दर बाजाराच्या दिवशी मी कळमनुरीला तुझ्या खोलीवर चक्कर मारीन, न बोलावता. आजारी असलो तरी मारीन. आणि बोलावलंस तर त्या दिवशी घराबाहेर पाय टाकणार नाही. मग तू कितीही प्रेमानं बोलाव, कितीही वेळा बोलाव.

शब्द देतो, असं म्हणणार होतो. धीर झाला नाही.

नुसता त्याच्या हातावर हात ठेवला. गार होता.